मदत नको, पण खिडकी आवर

मशीद बंदरला सुकामेव्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका पेढीचे हिशेब आजही डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या कार्यप्रणालीवर, चालतात, आणि ते चालते ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. हे ऐकल्यावर लोक आधी हसतात आणि मग सहानुभूती दाखवतात. क्रम उलटा असता तर मला अधिक आवडले असते. प्रोग्रॅम क्लिपर या भाषेत लिहिलेला आहे. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो सुरूच होत नाही, म्हणून पेढीने त्याच्यासाठी एक जुना संगणक, एक अवजड काचेचा मॉनिटर आणि एक कर्कश डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जिवापाड जपला आहे. ‘चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?’ हे मालकांचे संगणकविषयक धोरण असून सरकारखेरीज कोणालाही ते आजवर बदलता आलेले नाही.

सरकारने ते 22 सप्टेंबर 2025 रोजी बदलले. बदाम-पिस्त्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि मला बोलावणे आले. दर बदलणे हे कोष्टकातल्या एका आकड्याचे काम होते, ते पहिला चहा येण्याआधीच उरकले. परंतु ‘आलाच आहात तर’ या तीन शब्दांनी सुरू होणारी कामे कधी लवकर उरकत नाहीत. आलोच होतो तर उधारीच्या यादीत प्रत्येक रकमेपुढे ती नावे आहे की जमा हे छापून यायला हवे होते. शिवाय यादीची बेरीज एक कोटीच्या पुढे गेल्यापासून आकड्याच्या जागी नुसत्या चांदण्या उमटत होत्या, त्याचेही काहीतरी करायला हवे होते. क्लिपरमध्ये रकमेचा साचा नऊच्या आकड्यांनी आखून द्यावा लागतो. स्वल्पविराम आपण टाकू तिथेच पडत असल्यामुळे लाख-कोटींची आपली मांडणी त्यात सुखाने बसते, मात्र रक्कम साच्याबाहेर गेली की तो मुकाट्याने चांदण्या छापतो. या चांदण्यांबद्दल दिवाणजींची काही तक्रार नव्हती. “आयकरवाल्यांना यादी अशीच द्यावी म्हणतो मी,” असे त्यांचे मत पडले.

साच्यात दोन नऊ वाढवणे सोपे होते. नावे-जमेसाठी मात्र साच्याच्या आधी एक अक्षर लावावे लागते आणि ते कोणते, हे मला प्रत्येक वेळी पाहावे लागते. जमेच्या रकमेमागे ‘सीआर’ छापायचे तर ‘सी’ लावतात, इथपर्यंत सरळ आहे. उणे रकमेमागे ‘डीबी’ छापायला मात्र ‘डी’ चालत नाही, कारण ‘डी’ म्हणजे तारीख. ‘बी’ही चालत नाही, कारण ‘बी’ म्हणजे आकडा डावीकडे सरकवणे. तिथे ‘एक्स’ लावावे लागते. असल्या गोष्टी लक्षात ठेवणारी माणसे असतात. त्यांना नोकऱ्याही चांगल्या लागतात.

फोनवर शोधावे म्हटले, तर ‘क्लिपर’ या शब्दाला आजच्या जगाने दिलेले उत्तर म्हणजे केस कापण्याची यंत्रे, आणि तीही सवलतीत. त्यामुळे मला शरण जावे लागते ते नॉर्टन गाइड्सला. हा 1980 च्या दशकातला मदतनीस प्रोग्रॅम; 1990 मध्ये आलेल्या क्लिपर 5 बरोबर त्या भाषेची सगळी माहिती याच स्वरूपात मिळत असे. संपादकात, म्हणजे प्रोग्रॅम ज्यात लिहितात त्या एडिटरमध्ये, मजकूर लिहीत असताना शिफ्ट धरून एफ1 दाबले की चालू पडद्यावर एक खिडकी उघडते आणि तिच्यात प्रत्येक आज्ञेची साद्यंत हकिगत हजर होते. कल्पना उत्तम आहे, माहिती चोख आहे आणि ज्यांनी ती लिहिली त्यांचे भले होवो. माझे भांडण आहे ते जागेशी.

डॉसला एका वेळी एकच काम करता येते. त्यातून वाट काढण्यासाठी टीएसआर नावाची जमात जन्माला आली: काम आटोपून परत जाताना मेमरीतली जागा न सोडणारे आणि ठरलेली कळ दाबताच चालू कामावर येऊन उभे राहणारे प्रोग्रॅम. बोरलँड कंपनीच्या साइडकिकने 1984 मध्ये या जमातीला प्रतिष्ठा मिळवून दिली. पण सगळ्यांना मिळून बाक एकच, 640 केबी मेमरीचा, आणि त्यावरची व्यवस्था आपल्या लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी आहे. खिडकीपाशी खुद्द डॉस बसलेले असते, त्याच्या शेजारी माउसचा ड्रायव्हर, मग डिस्कचा वेग वाढवणारा कोणीतरी आणि कडेला अर्धवट टेकलेला आपला मदतनीस. संपादकाने आणि लिहिलेल्याचा चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरने उरलेल्या जागेत उभे राहायचे. खरी गंमत उतरताना येते. कळफलकाची प्रत्येक कळ हे सगळे जण एकमेकांच्या हातून पुढे देत असतात, त्यामुळे मधल्याला उठवायचे तर त्याच्या नंतर येऊन बसलेल्याला आधी उठवावे लागते. नाहीतर पुढच्या कळा जिथे कोणीच उरलेले नाही तिथे दिल्या जातात आणि संगणक शांतपणे थिजतो. साइडकिकला तर सगळ्यांत शेवटी बसवा, असाच दंडक होता. संपादकातूनच तात्पुरते डॉसमध्ये जाऊन तिथे मदतनीस चढवण्याचा शहाणपणा तर कोणी करूच नये. संपादक उतरून गेला तरी मदतनीस मेमरीच्या ऐन मध्यावर बसून राहतो, आणि पुढे येणाऱ्या कोणालाही सलग जागा मिळत नाही.

जागेची दुसरी टंचाई पडद्यावरची. डॉसच्या पडद्यावर 25 ओळी आणि प्रत्येक ओळीत 80 अक्षरे मावतात. मदतीची खिडकी पूर्ण पडद्यावर घ्यावी, तर ज्या ओळीसाठी मदत मागितली ती ओळच दिसत नाही, आणि अर्ध्या पडद्यावर घ्यावी, तर चौकट, मथळा आणि मेनू यांना त्यांचे मानपान दिल्यानंतर हाती लागणाऱ्या ओळींत मजकुराची प्रस्तावना तेवढी मावते. उरलेल्या अर्ध्यात माझा प्रोग्रॅम दिसत राहतो, परंतु त्यातला नेमका असा भाग, ज्यात कसलीच अडचण नाही. तो वर सरकवावा म्हणून बाण दाबला की सरकते ती मदत, कारण खिडकी उघडी आहे तोवर संपादक झोपलेला असतो. प्रोग्रॅम सरकवायचा तर मदत बंद करायची, प्रोग्रॅम सरकवायचा, मदत पुन्हा उघडायची, आणि मग लक्षात येते की आता ‘एक्स’ सापडले आहे, पण ते कुठे लावायचे होते ते विसरायला झाले आहे.

दिवाणजी हा प्रकार माझ्या खांद्यावरून पाहत होते.

“साहेब, हे मधेच काय आलं?”

“मदत आहे, दिवाणजी.”

“कोणी मागवली?”

“मीच.”

“मग घालवताय कशाला?”

याला उत्तर नव्हते. खिडकी घालवण्यासाठी एस्केप दाबावे लागते आणि किती वेळा, हे आपण आत किती खोल गेलो आहोत त्यावर ठरते. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर ‘हेही पाहा’ अशी एक ओळ असते. साच्याच्या नोंदीवरून मी दशांश चिन्हांकडे गेलो, तिथून तारखांकडे आणि तारखांवरून शतकाकडे, आणि सन 2000 च्या वेळी लोकांनी केवढी धावपळ केली होती याचा विचार करत बसलो. परतताना एक एस्केप जास्त पडले, ते खिडकी बंद झाल्यामुळे संपादकाला जाऊन लागले, आणि ‘सगळे बदल टाकून बाहेर पडायचे का?’ असे त्याने झोपेतून उठवलेल्या माणसाच्या तत्परतेने विचारले.

कधी याच्या उलट होते. शिफ्ट-एफ1 दाबावे आणि काहीच घडू नये. त्यालाही सबळ कारण आहे. एका कामात गुंतलेल्या डॉसला मध्येच दुसरे काम सांगितलेले सोसत नाही, आणि मदतनिसाला तर डिस्कवरून माहिती वाचण्यासाठी त्याच डॉसची गरज लागते. डॉस मोकळे आहे की नाही हे दाखवणारी एक खूण आत असते खरी, पण मायक्रोसॉफ्टने ती कित्येक वर्षे कागदोपत्री जाहीर केलेली नव्हती. धडपड्या प्रोग्रॅमरांनी ती हुडकून काढली आणि शिष्टाचार पाळणारे टीएसआर तेव्हापासून ती पाहूनच पुढे येऊ लागले. म्हणजे मी जेव्हा सर्वांत घाईत असतो तेव्हा संगणकही घाईत असतो, आणि मदत बाहेर अदबीने थांबलेली असते.

यानंतर प्रश्न उरतो तो सापडलेला मजकूर प्रोग्रॅममध्ये नेण्याचा. खिडकीतून उचलून संपादकात ठेवण्याची सोय मला तरी कधी वश झाली नाही. म्हणून माझी पिढी हे काम पेन्सिलीने करत आली आहे: दोन्ही कडांना भोके असलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर उदाहरण उतरवून घ्यायचे, खिडकी बंद करायची, आणि कागदावरून पाहून ते टंकायचे. यात अवतरणचिन्ह आणि स्वल्पविराम यांत फरक न राहिल्याने कंपायलर जे ऐकवतो, ते मुद्दाम सांगण्यासारखे नाही.

या खेपेला मी सुधारणा केली. मदतीच्या खिडकीचा फोनवर फोटोच काढला. काचेच्या मॉनिटरच्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि त्यातला सर्वांत रुंद पट्टा नेमका ‘एक्स’च्या ओळीवर पडला, तेव्हा पुन्हा काढला. फोन बदामाच्या नमुन्याच्या डबीला टेकवून उभा केला, मॉनिटरवर पूर्ण 25 ओळींत माझा प्रोग्रॅम, शेजारी मदत, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. इतक्या वर्षांत ही चैन मला प्रथमच लाभत होती. साच्यापुढे अक्षर टाकायला कर्सर जागेवर नेला, कितव्या ओळीत काय आहे ते पाहायला फोनकडे मान वळवली, आणि तेवढ्यात फोन थरथरून फोटोवर वरपासून खालपर्यंत कॉलचा पडदा आला. बाहेरच्या गाळ्यावरून दिवाणजी बोलत होते.

“साहेब, बराच वेळ झाला, काही मदत हवीय का?”