दोन कुत्र्यांचा कायदा

इंग्लंडमध्ये कुत्र्यांकरवी हरणांची शिकार करायला १८ फेब्रुवारी २००५ पासून बंदी आहे. तरी नैऋत्य इंग्लंडमधल्या एक्समूर आणि क्वांटॉकच्या टेकड्यांत ऑगस्ट लागला की घोडेस्वार आणि हाउंड म्हणजे शिकारी कुत्री बाहेर पडतातच, आणि दर हंगामात तोच वाद पेटतो. आपल्याकडून बघणाऱ्याला त्यात सरंजामी शौकीन विरुद्ध प्राणिप्रेमी एवढंच दिसतं. माझ्या मते हरीण मारावं की नाही हा इथला प्रश्नच नाही. लांडगे शतकांपूर्वीच संपले, रेड डिअर हे तिथलं मोठं हरीण कोवळी झाडं आणि पिकं खातं, आणि दरवर्षी काही हरणं काढावी लागतात हे बंदीचे बहुतेक समर्थकही मान्य करतात. भांडण आहे ते पद्धतीवरून.

जुनी पद्धत अशी. पहाटे ‘हार्बरर’ नावाचा जाणता माणूस खुरांचे ठसे वाचून पाच वर्षांच्या पुढचा नर कुठल्या झाडीत बसलाय ते हेरून ठेवतो. मग ‘टफ्टर’ म्हणजे मुरलेली मोजकी कुत्री आत सोडून तेवढा एक नर कळपातून वेगळा काढायचा. हे काम वाटतं तितकं सोपं नाही: चलाख म्हातारा नर एखाद्या तरण्या नराला उठवून त्याच्या जागी स्वतः बसतो, आणि कुत्री भलत्याच वासामागे जातात. नर उघड्यावर आला की सगळी टोळी त्याच्या मागावर. वेग कुत्र्यांचा कमी, पण वास सुटत नाही. सरासरी पाठलाग तीन तासांचा, साधारण १९ किलोमीटरचा. शेवटी दमलेलं हरीण ओढ्यात किंवा कुंपणाशी पाठ लावून उभं राहतं, आणि माणूस जवळ जाऊन बंदुकीनं त्याला संपवतो. कुत्री हरीण फाडतात हा समज चुकीचा आहे. मरण गोळीनंच येतं. आक्षेप त्याआधीच्या तीन तासांना आहे.

त्या तासांत शरीरात काय होतं हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक पॅट्रिक बेटसन यांनी नॅशनल ट्रस्ट या जमिनी आणि वारसा जपणाऱ्या संस्थेसाठी रक्ताचे नमुने तपासून १९९७ मध्ये मांडलं. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे ऊर्जेचा साठा, जवळपास संपलेलं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटलेल्या, ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल चढलेलं. ट्रस्टनं लगेच आपल्या जमिनीवर ही शिकार बंद केली. नंतरच्या एका अभ्यासानं हे टोकाचे बदल पाठलागाच्या अखेरच्या टप्प्यातच होतात असा मुद्दा काढला. धरला बरोबर, तरी अखेरचा टप्पा टाळता येत नाही. हरीण थांबावं यासाठीच तर पाठलाग असतो.

मग बंदीनंतरही कुत्री कशी? कायद्यातल्या सवलतींमुळे. पिकाचं गंभीर नुकसान टाळायला दोन कुत्र्यांनी हरीण झाडीतून उठवता येतं, मात्र दिसताक्षणी शक्य तितक्या लवकर ते टिपलं पाहिजे. जखमी जनावराच्या सुटकेसाठीही दोन चालतात. आणि तिसरी सवलत, ‘संशोधन व निरीक्षण’, हीसुद्धा दोनच कुत्र्यांची. कायदा एका वेळी दोन म्हणतो, म्हणून दमलेली जोडी काढून ताजी जोडी लावण्याची युक्ती निघाली. २००७ मध्ये क्वांटॉकच्या शिकारी टोळीतल्या दोघांना कोर्टानं दोषी ठरवलं, कारण उद्देश हरीण लवकर टिपणं नसून खेळ हाच होता. घोडेस्वारांच्या ताफ्यानं केलेलं निरीक्षण हे शास्त्र म्हणून पटवणं अवघडच.

शिकारवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला खरा वाटतो. गाडीनं उडवलेलं किंवा कुणी अर्धवट मारलेलं हरीण शोधायला शेतकरी अपरात्री त्यांनाच बोलावतात. बाकी संख्या आटोक्यात ठेवण्याचा त्यांचा दावा पोकळ आहे. संख्या माद्या काढूनच कमी होते, आणि बंदीपूर्वी कुत्र्यांनी हरणांची शिकार करणाऱ्या तीनही टोळ्या मिळून वर्षाला सुमारे १६० हरणं मारत. बाकीचं काम रायफलचंच होतं.

रायफलचे नियम पक्के आहेत. बोअर, म्हणजे नळीचा व्यास, किमान ०.२४० इंच, गोळीची ऊर्जा किमान १,७०० फूट-पाउंड, गोळी आत गेल्यावर पसरणारी. रेड डिअरच्या माद्यांना १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, नरांना १ मे ते ३१ जुलै अभय. नेम खांद्यामागे, हृदय-फुफ्फुसावर. बरोबर लागलेलं हरीणही पन्नास-शंभर मीटर पळतं. मग आधी जागा खुणेनं धरून रक्त वाचायचं. फेसाळ गुलाबी असेल तर फुफ्फुस, हरीण जवळच पडलेलं असतं. काळपट लाल म्हणजे यकृत. हिरवट, चाऱ्याचे कण असलेलं म्हणजे पोटात लागलं, आणि इथेच नवखे घाई करतात. लगेच मागे गेलं की हरीण बसल्या जागेवरून उठून मैलोगणती जातं. तीन-चार तास थांबून, दहाएक मीटरच्या दोरीला बांधलेलं एकच शिकवलेलं कुत्रं मागावर न्यायचं. कुत्र्याला सरसकट विरोध करणाऱ्यांना या दोरीतलं आणि टोळीतलं अंतर दिसत नाही.

आपला १९७२ चा वन्यजीव कायदा शिकारीच्या व्याख्येतच कुत्री लावून केलेला पाठलाग आणि हाका दोन्ही धरतो. कागदावर आपण इंग्लंडच्या पुढे होतो. आणि उभ्या पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायला कलम ११ खाली लेखी परवानगीही मिळू शकते. पण कोणत्या हत्यारानं, कुणी, आणि जखमी झाल्यास मागावर कोण जाणार, याबद्दल ते कलम गप्प आहे. कोकणातल्या शेतकऱ्याच्या हाती पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक असते. पहिला बार चुकला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर करवंदीच्या जाळीत, पोटात छर्रे घेऊन. सकाळी तिथून लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाईला ते आडवं येतं.

कलम ३९ नं मेलेलं जनावर सरकारजमा होतं. इंग्लंडमध्ये तेच हरीण नीट साफ करून, गाठींत क्षयाची खूण नाही ना हे पाहून, सात अंशांच्या खाली थंड केलं की खाटकाकडे विकलं जातं आणि गोळीचा खर्च निघतो. आपल्याकडे मांस विकू द्यावं असं मी म्हणणार नाही. एकदा बाजार उभा राहिला की परवाने पिकासाठी निघणार नाहीत. पण हत्याराची किमान ताकद, नेमबाजाची परीक्षा आणि तालुक्याला एक माग काढणारं कुत्रं, या तीन अटी परवानगीपत्रात घालायला संसदेत जावं लागू नये.