गिफ्ट कार्डांची योजना हमखास बुडवण्याची पद्धत

अभिनंदन! पालक समितीच्या सभेत सगळे खाली मान घालून बसले होते, तुमची तेवढी वर होती आणि यंदाची गिफ्ट कार्ड योजना तुमच्या गळ्यात पडली. अमेरिकेतल्या शाळांत निधी जमवायचा हा बिनकटकटीचा मार्ग मानतात. चॉकलेटं घेऊन दारोदार हिंडायला नको. किराणा, पेट्रोल, कपडे पालक एरवीही घेतातच. फक्त त्याचे पैसे शाळेकडून घेतलेल्या गिफ्ट कार्डाने द्यायचे. १०० डॉलरचं कार्ड शाळेला, समजा, ९६ ला मिळतं. पालक पूर्ण १०० देतात, दुकानात पूर्ण १०० ची खरेदी करतात आणि मधले ४ डॉलर शाळेचे.

इतकी सरळ योजना मातीत घालायला कसब लागतं. ते शिकून घ्या.

पहिला मान आकड्यांचा. वर्षभरात ६०,००० डॉलरची कार्डं विकली गेली, तर सभेत ‘साठ हजार’ ठणकावून सांगा. ४ टक्क्यांनी शाळेच्या पदरात २,४०० पडले, हे कुणी विचारलं तरच. पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक मात्र १० टक्क्यांनी मांडा. कपड्यांची दुकानं आणि रेस्टॉरंटं तेवढे देतातही. किराणा आणि पेट्रोलवर जेमतेम २ ते ४ टक्के सुटतात आणि पालक दर आठवड्याला नेमकी तीच कार्डं मागतात, हे वर्ष संपल्यावर आपोआप कळेल.

उधारी जरूर द्या. “पैसे आधी, ऑर्डर नंतर” हा नियम परक्यांसाठी असतो. आपल्या शाळेतले पालक काय पळून जाणार आहेत? एखाद्याचा ५०० चा चेक परत आला, तर कार्डांसाठी तुम्ही मोजलेले ४८० गेले. ते ४ टक्क्यांनी भरून काढायला आणखी १२,००० डॉलरची कार्डं विकायची, म्हणजे तुमच्या वर्षाच्या धंद्याचा पाचवा हिस्सा. वर बँकेचा दंड. पालकांची आणखी सोय करायची असेल, तर क्रेडिट कार्डही घ्या. त्याचं शुल्क साधारण ३ टक्के, किराण्याच्या कार्डावरची सूटही बहुधा तेवढीच. सगळं जुळून आलं की शाळेला नेमका शून्य मिळतो, आणि पेट्रोलच्या कार्डावर तर शाळाच पदरचे पैसे घालते.

ऑर्डरचा वार ठरवू नका. वार ठरलेल्या शाळांत सोमवारी सकाळी अर्ज आणि पैसे बंद होतात, मंगळवारी एकच ऑर्डर जाते, गुरुवारपर्यंत पार्सल येतं आणि शुक्रवारी वाटप होतं. असल्या शिस्तीने माणुसकी उरत नाही. बुधवारी कुणी “एकच राहिलं हो” म्हणाले की त्यांच्यासाठी वेगळी ऑर्डर टाका. २०० डॉलरवर ३ टक्क्यांनी ६ डॉलर मिळतात. कुरिअरवाला त्याहून जास्त घेतो.

या धावपळीवर उपाय म्हणून साठा करा. ५,००० डॉलरची कार्डं कपाटाच्या खणात असली की मागेल त्याला लगेच देता येतात. शाळेचे ५,००० डॉलर बिनव्याजी अडकले, एवढाच काय तो दोष. आणि दुकान बुडालं तर? २००८ मध्ये शार्पर इमेज ही तिथली दुकानांची साखळी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिने गिफ्ट कार्डं घेणंच थांबवलं. पुढे घ्यायला लागली, तेही कार्डाच्या किमतीच्या दुप्पट खरेदी केली तर. कार्डधारक हा अशा वेळी घेणेकऱ्यांच्या रांगेत बराच मागे उभा असतो. फोनवर थेट पालकांना मिळणारी ई-कार्डं घेतली, तर खणाचीच गरज राहत नाही. म्हणून त्यांचा विषयच काढू नका.

पार्सल फोडायला दुसरं कुणी बोलावू नका. दोघांनी मिळून, आणि तेही एकाच घरातले नव्हेत, कार्डं मोजायची, पावतीशी ताडायची, अनुक्रमांक वहीत लिहायचे आणि दोघांनी सह्या करायच्या; यात पाऊण तास जातो. एकट्याने दहा मिनिटांत उरकतं. मग २५ चं एखादं कार्ड कमी निघालं, तर ते आलंच नव्हतं, हरवलं, की कुणाच्या पाकिटात चुकून जास्त गेलं, हे कायमचं गूढ राहतं. पाकीट देताना पालकांना समोर मोजायला लावू नका, सही तर नकोच. त्याहून बरं, पाकीट पोराच्या दप्तरात टाका. कार्ड म्हणजे रोख रक्कम, ज्याच्या हाती त्याचं, हे दप्तराला चांगलं कळतं.

मुख्याध्यापकांच्या नावाने ई-मेल आला, “मी मीटिंगमध्ये आहे, ताबडतोब ५०० ची कार्डं काढा, मागचं खरवडून कोडचा फोटो पाठवा”, तर पाठवून द्या. उठून शेजारच्या खोलीत जाऊन विचारणं उद्धटपणाचं दिसतं. ही फसवणूक इतकी जुनी आहे की गिफ्ट कार्डाने पैसे मागणारा ठकच समजावा, असं तिथलं सरकार वर्षानुवर्षं सांगतंय. पण कार्डांनी भरलेला खण असलेली शाळा ठकालाही रोज मिळत नाही.

आता खरी मेख. मिळालेली सूट ज्याने जितकी खरेदी केली, तितकी त्याच्याच मुलाच्या सहलीच्या खात्यात जमा करा. पालक खूश होतात आणि विक्री वाढते. निधी जमवणारी संस्था करमुक्त असेल, तर कर खातंही रस घेतं: पैसा सगळ्या मुलांच्या कामी यायला हवा, ठराविक घरांच्या नाही, असा त्यांचा हट्ट. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबने (खेळाडू मुलांसाठी निधी जमवणारी पालकांची संस्था) पालकांच्या खात्यात असेच गुण जमा केले होते. २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने त्याची करसवलत काढणं योग्य ठरवलं. जाता जाता, कार्डावर दिलेले १०० डॉलर देणगी म्हणून करातून वजा होतात, असंही पालकांना सांगून टाका. त्यांना १०० चा माल मिळालेला असतो, पण तपशिलात कोण शिरतं?

महिन्याचा ताळा टाळा. सुरुवातीचा साठा, त्यात आलेली कार्डं, त्यातून विकलेली वजा, आणि उरलेली खणात दिसायला हवीत: एवढं गणित जूनमध्ये एकदाच करा, तेही खजिनदार सुट्टीवर गेल्यावर. फरक निघाला तर ‘इतर’ असा रकाना आहेच. ऑर्डरच्या संकेतस्थळाचा पासवर्ड फक्त तुमच्या डोक्यात ठेवा आणि पुढच्या सभेत मान खाली घालून बसा.