शिंगं मोडून घोड्यांत

केक करणाऱ्याचं एक बरं असतं. त्याला एकाच वस्तूवर जीव ओतायचा असतो. वरून क्रीम चोपडलं, कडेने फुलं काढली, मधे नाव लिहिलं की सुटला. नाव वाकडं गेलं तर त्यावर चेरी ठेवून मोकळं होता येतं. सजवलेल्या कुकीजना ही सोय नाही. तिथे जे करायचं ते चाळीस वेळा करायचं, आणि चाळिसावीसुद्धा पहिलीसारखीच दिसायला हवी, कारण शेजारी शेजारी मांडल्या की त्या एकमेकींच्या चहाड्या करतात.

भाचीच्या सहाव्या वाढदिवसाला घरी केलेल्या कुकीज हव्यात, ही कल्पना बहिणीची. अंमलबजावणी माझी. आमच्यात कामाची वाटणी लहानपणापासून अशीच आहे. "दादा, तुला काय, सगळंच येतं," असं ती म्हणाली की समजायचं, काम गळ्यात पडलेलं आहे, फक्त तारीख कळायची राहिली आहे. आकार भाचीने ठरवला. युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर शिंग असलेला घोडा. मी चांदण्या सुचवून पाहिल्या, फुलपाखरू सुचवलं, शेवटी गोल आकाराची थोरवीही गायली. "मामा, गोल म्हणजे नुसती कुकी," ती म्हणाली. यावर काय बोलणार?

या विद्येतलं सगळं भांडण पसरण्यावरून आहे. कुकी पसरता कामा नये आणि तिच्यावरचं आयसिंग मात्र पसरलंच पाहिजे, तेही आपण आखलेल्या रेषेपर्यंत. रेषेच्या पुढे गेलं तर बट्ट्याबोळ. बटर ३५ अंशांच्या आसपास वितळून मोकळं होतं आणि कुकीचं अंग घट्ट व्हायला ओव्हनमध्ये त्यानंतर बराच वेळ लागतो. मधल्या वेळात ती निवांत हातपाय पसरते. गोल कुकी पसरली तर मोठी गोल कुकी होते, कुणी नावं ठेवत नाही. युनिकॉर्न पसरला की पाणघोडा होतो.

तो होऊ नये म्हणून बेकिंग पावडर अगदी नावाला घालायची किंवा घालायचीच नाही. बटर आणि साखर एकजीव होईपर्यंतच फेटायची, हलकी-फुलकी होईपर्यंत नाही, कारण फेटताना आत शिरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि कडांची वाट लावते. मग डो, म्हणजे कुकीचं मळलेलं पीठ, दोन बटर पेपरच्या मधे ठेवून लाटायचा. पाच-सहा मिलिमीटर जाड, सगळीकडे सारखा, नाहीतर एकाच ट्रेमध्ये निम्म्या करपतात आणि निम्म्या कच्च्या राहतात. त्यासाठी दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवतात. मी तसंच करत होतो. बायको दारात उभी राहून बघत होती.

"पट्टी लावून लाटणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. लाटलेला डो फ्रिजमध्ये आडवा ठेवायला जागा हवी होती, म्हणून एक अख्खा कप्पा रिकामा केला.

"हे किती वेळ असं राहणार?"

"तासभर."

"आणि मग?"

"मग कटरने कापून परत फ्रिजमध्ये. कापलेले आकार गारठलेलेच ओव्हनमध्ये गेले पाहिजेत."

तिने बाहेर काढून ठेवलेल्या पातेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पातेली आणि मी यांच्यापैकी फ्रिजमध्ये कोण असायला हवं होतं, हा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

ओव्हन १८० अंशांवर आणि वेळ दहा ते बारा मिनिटं, एवढं कुणीही सांगतो. युनिकॉर्नचं शिंग किती मिनिटांत होतं, हे कुणी सांगत नाही. बारीक, निमुळतं ते, त्यात ओल ती किती असणार! पोट अजून पांढरंफटक असतं तेव्हा शिंगाला तांबूस रंग चढलेला असतो. पोटासाठी थांबावं तर शिंग करपतं, शिंगासाठी घाई करावी तर पोट कच्चं. उपाय आहे: अर्धा वेळ झाला की शिंगांवर फॉइलचा तुकडा टाकायचा. म्हणजे गरम ओव्हनमध्ये हात घालून एकेका प्राण्याला टोपी घालत बसायचं. शिवाय कुकी बाहेर आली की मऊच लागते. ती ट्रेवर पाच मिनिटं पडू दिल्यावर घट्ट होते. एवढं सगळं सांभाळूनही जाळीवर ठेवताना शिंगं मोडतात ती मोडतातच. मोडलेली मी एका वाटीत जपून ठेवत होतो, कारण ती नंतर घट्ट आयसिंगने चिकटवता येतात.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात येऊन गेली. "ती बारीक बारीक केलीस ना, ती फार खुसखुशीत झालीत रे," ती बाहेरून म्हणाली.

"आई, ती शिंगं होती!"

"मग झाकून नाही का ठेवायची?"

वाटी रिकामी होती. उरलेल्या डोची पुन्हा नुसती शिंगं कापली. पुन्हा पुन्हा लाटलेला डो जरा चिवट होतो, पण शिंगाच्या पथ्यावर पडतो. चिवट शिंग सहसा मोडत नाही.

आता आयसिंग. रॉयल आयसिंग म्हणजे तसं पाहिलं तर आयसिंग शुगर आणि अंड्याचा पांढरा बलक. पण खाणारी मुलं, त्यात बलक कच्चा, म्हणून मेरिंग पावडर, म्हणजे वाळवलेल्या पांढऱ्या बलकाची पूड, वापरलेली बरी. तिलाही नखरे आहेत. भांड्याला तुपातेलाचा नुसता ओशटपणा राहिला असला तरी मिश्रण धड फुगत नाही, म्हणून आधी भांडं व्हिनेगरने पुसून घ्यायचं. प्लॅस्टिकचं भांडं तर नकोच, त्याचा ओशटपणा कितीही घासा, जात नाही. मग त्या मिश्रणाचे दोन भाग करायचे: कडा आखायला घट्ट, आत भरायला सैल. सैल किती, त्याची परीक्षा सुरीने घेतात. वाटीतल्या आयसिंगमध्ये सुरीने रेघ ओढायची आणि आकडे मोजायचे. पंधरा ते वीस सेकंदांत रेघ मिटली तर जमलं. आधीच मिटली तर ते कडेवरून ओघळणार, उशिरा मिटली तर जिथल्या तिथे ढेकूळ होऊन बसणार. पाणी थेंबाथेंबाने घालायचं. सहा रंग होते, म्हणजे सहा वाट्या. मी रात्री अकराला ओट्याशी उभा राहून पुटपुटत आकडे मोजतोय, हे बायकोने बहिणीला फोनवर सांगितलं. बहीण म्हणाली, लहानपणी चिडला की असाच मोजायचा.

एकदा भरायला लागलं की थांबता येत नाही. वाटी दोन मिनिटं उघडी राहिली की वर पापुद्रा, म्हणून ओलं फडकं झाकायचं. पायपिंग बॅगच्या तोंडाशी गुठळी अडकते, मग टाचणीने कोरायचं. त्याच टाचणीने कुकीवरचे बुडबुडे फोडायचे, नाहीतर वाळल्यावर तिथे खड्डे पडतात. काळ्या रंगाची तऱ्हाच न्यारी. कितीही रंगाचं जेल ओता, आधी राखाडीच होतो. मग माणूस चिडून आणखी ओततो. पण तासा-दोन तासांनी तो आपणहून गडद होत जातो, आणि डोळे काढण्यापुरता रंग हवा असताना सगळ्यांच्या जिभा काळ्या करण्याइतका होऊन बसतो. हेच डोळे पांढरं आयसिंग ओलं असताना काढले तर काळं फुटून गालावर येतं. असे काजळ फिसकटलेले दोन-तीन युनिकॉर्न निघाले. ते मागच्या रांगेत.

इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी, १५५८ ते १६०३ या काळात राज्य केलेली, दरबारी पाहुण्यांसारख्या दिसणाऱ्या जिंजरब्रेडच्या आकृत्या करवून घ्यायची, असं सांगतात. त्या करणाऱ्या आचाऱ्याबद्दल मला अलीकडे फार आपुलकी वाटते. राणीच्या पाहुण्यांपैकी "माझं नाक असं आहे का?" विचारायची कुणाची छाती झाली नसणार. माझी गिऱ्हाइकं सहा वर्षांची. त्यांना छाती सोडून दुसरं काही नसतं.

सगळं झाल्यावर वाळायला आठ ते बारा तास, हवा दमट असली तर त्याहूनही जास्त. पंख्याच्या वाऱ्याने वरचा थर लवकर धरतो आणि त्याला छान चकाकीही येते. त्यामुळे घरातला एकुलता एक टेबलफॅन रात्रभर कुकीजकडे तोंड करून फिरत होता आणि आम्ही दोघं त्याच्या पाठीकडे बघत झोपलो. मध्यरात्री अंधारात आवाज आला, "मीही अंगाला आयसिंग लावून तिकडे जाऊन पडू का?"

वाढदिवसाला ताटं मांडली तेव्हा बायांनी फोटो काढले. सोनेरी शिंगं एका कलात दिसावीत म्हणून बहिणीने ताट दोनदा फिरवलं. एक बाई म्हणाल्या, "खायला मनच होत नाही हो!" मुलांचं झालं. भाचीने पहिली कुकी उचलली, डोळे मोठे करून एकवार नीट पाहिली आणि कडाक्कन शिंगच तोडलं. तिचं बघून बाकीच्यांनीही शिंगंच खाल्ली. एक मुलगा हातातली कुकी ठेवून दुसरी उचलायला लागला.

"अरे, आधी ती संपव ना," मी म्हटलं.

"तो नुसता घोडा आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या शिंगाकडे वळला.

मुलं खेळायला पळाली. टेबलावर घोडेच घोडे. मी आणि मेहुणे उभ्याउभ्याच खात होतो. मेहुणे चवीने खाणारे. तिसरा घोडा संपवून म्हणाले, "मस्त झालाय. पण दादा, गोल का नाही केल्या?"