वर गेलेल्याचं वजन धरू नये

वीस वर्षांचा वीज आराखडा करायला बसलात? मग आधी एसी १६ वर लावा. चंद्रपूरच्या मे महिन्यात कार्बनचा विचार करायचा म्हणजे डोकं थंड पाहिजे.

एका युनिटसाठी साधारण ६००-७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि किलोभराच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वर जातो. हा किलो हिशेबात कुठे धरायचा, असं एखादा नवा पोरगा विचारेलच. त्याला चहा पाजा. वर गेलेल्याचं वजन धरायचं नसतं, हे प्रेमानं समजावून सांगा.

तरी ऐकत नसेल तर सांगा, बाबा रे, कोळशावर कर होता की! २०१० मध्ये टनाला ५० रुपये, २०१६ पर्यंत ४००. नाव स्वच्छ ऊर्जेचं. २०१७ साली जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या भरपाईच्या खात्यात वळला. युनिटमागे पंचवीसेक पैसे बसायचे, तेही शेवटी बिलातून ग्राहकाच्याच खिशातून. २०२५ मध्ये हा उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ वर नेला. ही शक्कल मात्र वाखाणण्यासारखी. आधी कर वजनावर होता, आता किमतीवर. म्हणजे कोळसा जितका हलक्या प्रतीचा, राखेचा आणि स्वस्त, तितका टनामागे कर कमी!

पोरगा हुशार निघाला तर म्हणेल, कार्बनच्या टनाला २,००० रुपये धरून पाहू. धरू देऊ नका. युनिटला दोन रुपये चढतात, जुनी केंद्रं मेरिट ऑर्डरच्या, म्हणजे स्वस्त वीज आधी घ्यायच्या, रांगेत मागे सरकतात आणि सौरऊर्जा, वर बॅटरीचा खर्च धरूनही, परवडायला लागते. असला आकडा टेबलावर आला की बैठक लांबते, जेवण थंड होतं.

आता शेतीपंपांचं. बॉयलरला रोज रात्री विझवून सकाळी पेटवणं परवडत नाही. त्याला निदान निम्म्या भारावर तरी चालतं ठेवावं लागतं. मग रात्रीची ती वीज घालायची कुठे? शेतकऱ्याच्या वावरात. बॉयलरची झोप मोडता येत नाही, माणसाची येते. आमच्याकडे थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री अकरानंतर बॅटरी घेऊन निघतात. धुऱ्यावर साप, बांधावर रानडुक्कर आणि डीपीवर, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज उडालेला. शेजारचे काकाजी म्हणतात, "दिवसा ऊन फुकट पडून राह्यलं बाप्पा, अन् आमी अंधारात!" काकाजींना नियोजनातलं काय कळतं?

दिवसा वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्येच आली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्तीही निघाली. आराखड्यात तिला मोठं चित्र द्या, पॅनेलखाली हसरा शेतकरी. आमच्या डीपीची तारीख मात्र पुढच्या पानावर टाका.

मसुदा झाला की हरकती मागवा. सुनावणी दुपारी दोनला ठेवा. रात्रभर पाणी देऊन आलेला माणूस तेव्हा पेंगत असतो. तरी एखादा उठेलच. आकडेवारी विचारली तर पिशवीतून राखेनं काळवंडलेलं कापसाचं बोंड काढून पुढे ठेवेल. घ्या. आवक नोंदवहीत चढवा, सहीशिक्क्याची पोच द्या. वजनाचा रकाना तेवढा कोरा सोडा.