सीआरपी नॉर्मल म्हणजे मूल सुरक्षित नव्हे

‘ताप आलेल्या मुलाचे सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन आणि लॅक्टेट तपासून घ्या, तिन्ही नॉर्मल असतील तर दवाखान्याची पायरी चढू नका आणि फार वाढलेली असतील तर आयसीयूत पैसे घालवू नका, कारण मूल वाचणार की नाही हे रक्तच सांगते,’ असा मजकूर सध्या घरोघरी फिरतो आहे. डॉक्टर या तपासण्या मुद्दाम लपवतात, असा आरोपही त्यात आहे. (सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन ही जंतुसंसर्ग किंवा दाह झाल्यावर रक्तात वाढणारी प्रथिने; लॅक्टेट हा शरीराच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडल्यावर रक्तात साठणारा पदार्थ.) माझ्या आतेबहिणीने तो वाचून, तान्हे बाळ दूध ओढत नसतानाही, लॅबचा अहवाल येईपर्यंत थांबायचे ठरवले होते. म्हणून हे उत्तर.

यातला सर्वांत घातक भाग पहिला आहे. जंतुसंसर्ग सुरू झाल्यावर सीआरपी वाढायला साधारण सहा ते बारा तास लागतात आणि ते शिखरावर पोहोचते दुसऱ्या दिवसाच्या सुमारास. सकाळी ताप आलेल्या मुलाचे रक्त दुपारी घेतले, तर आजार पुढे गेलेला आणि आकडा मागे राहिलेला, असे सहज घडते. लॅक्टेटचेही तसेच. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या बालरुग्णालयात सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेचा, संशय असलेल्या 1299 मुलांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 30 दिवसांच्या आत 25 मुले दगावली आणि त्यांपैकी 20 मुलांचे सुरुवातीचे लॅक्टेट ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलेलेच नव्हते. लॅक्टेटचा असा अहवाल हातात घेऊन ‘नॉर्मल आहे, घरीच थांबा’ असे सांगणाऱ्याने त्या 20 घरांना काय उत्तर दिले असते?

मूल सुस्त पडले आहे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आहे, हातपाय गार आहेत, लघवी कमी झाली आहे, छातीवर बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली त्वचा तीन सेकंदांनंतरही पूर्ववत होत नाही, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर अहवालाची वाट पाहायची नसते. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसमुळे रक्ताभिसरण कोलमडते तेव्हा, तासाभराच्या आत प्रतिजैविक सुरू करावे, असे मुलांसाठीची 2020 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

‘आकडा वाढला म्हणजे मूल हातचे गेले’ हा दुसरा दावाही त्याच अभ्यासात कोसळतो. लॅक्टेट वाढलेल्या 103 मुलांपैकी 98 मुले वाचली. शिवाय रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाच्या दंडाला पट्टा करकचून बांधून रक्त काढले किंवा नमुना तासभर तसाच ठेवला, तरी लॅक्टेट फसवे वाढते. प्रोकॅल्सिटोनिन तर जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत निरोगी बाळातही वाढलेले असते, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा भाजल्यावरही वाढते. अशा एका आकड्यावर उपचार थांबवण्याचा सल्ला देणे हा अक्षम्य बेजबाबदारपणा आहे.

डॉक्टर या तपासण्या मुद्दाम लपवतात, हा आरोप फार वेळ देण्याजोगा नाही. मुलांमधील सेप्सिस ओळखण्यासाठी 2024 मध्ये जाहीर झालेल्या फिनिक्स निकषांमध्ये श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया आणि मेंदूची स्थिती यांना गुण दिले जातात. लॅक्टेट आणि प्लेटलेट्स त्यात उघडपणे आहेत. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. त्या 103 मुलांमधील मृत्यूचे प्रमाण 4.8 टक्के होते आणि उरलेल्यांत 1.7 टक्के, म्हणजे वाढलेले लॅक्टेट धोका वाढल्याचे सांगते, आणि उपचारादरम्यान ते उतरते आहे की नाही हे पाहण्यात अर्थ असतो. अमेरिकेतील सिनसिनाटीचे बालरोगतज्ज्ञ हेक्टर वाँग यांच्या गटाने अनेक प्रथिने एकत्र मोजून मृत्यूचा धोका वर्तवणारी ‘पर्सिव्हिअर’ ही पद्धतही विकसित केली आहे. परंतु तिच्यासाठीचे रक्त सेप्टिक शॉकमुळे आयसीयूत दाखल झालेल्या मुलांचे, पहिल्या 24 तासांतले असते, आणि तिचा हेतू कोणाला अधिक उपचारांची गरज आहे हे ओळखण्याचा आहे. दवाखान्यात न्यायचे की नाही हे घरी बसून ठरवण्यासाठी ती कोणीही बनवलेली नाही.