सलाईनच्या बाटल्यांनी रक्त थांबत नाही

थ्रेशरमध्ये हात सापडलेल्या मजुराला नागपूरला हलवण्याआधी ‘भरपूर सलाईन लावा’ हा एका लेखात वाचलेला सल्ला धोक्याचा आहे. सलाईनने रक्त गोठवणारे घटक पातळ होतात, अंगही गार पडतं. तापमान ३५ अंशांखाली घसरलं की गोठणं मंदावतं. डिसेंबरात उघड्या जीपमधून नेलं तर विचारूच नका! ओले कपडे काढून ब्लँकेट गुंडाळा. जखम घट्ट दाबा. तरीही रक्त थांबेना तर जखमेच्या वर टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा घट्ट पट्टा) बांधून वेळ लिहा.

रक्तस्राव कमी करणारं औषध म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड: १ ग्रॅम शिरेतून १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत. पहिला डोस मात्र इजेपासून ३ तासांच्या आतच. जखमी रुग्णांवर झालेल्या क्रॅश-२ या औषध-चाचणीत ३ तासांनंतर डोस दिलेल्यांमध्ये रक्तस्रावाने मृत्यू उलट वाढलेले दिसले. म्हणून रेफर चिठ्ठीवर अपघाताची आणि डोसची वेळ हवीच.