जोकरनं हीथ लेजरचा जीव घेतला नाही

परवा रात्री साडेबाराला भाच्याला फोन लावला, तर पहिल्याच रिंगला उचलला. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकतो, एकांकिकेत खुन्याची भूमिका मिळालीय. "कामून जागा रे?" म्हटलं. "मामा, भूमिकेत शिरायलोय. तीन दिवस झाले, खोलीबाहेर पडलो नाही. झोपबी घेईना झालोय." आणि मग त्यानं मला ग्रुपवर फिरणारा तो मजकूर पाठवला.

तुमच्याकडंही आला असेल. चार मुद्दे आहेत. सुपरहिरोच्या सिनेमात अभिनय लागत नाही, शरीर आणि कॉम्प्युटर असला की झालं. चाहत्यांनी नाकारलेला नट घेतला की सिनेमा पडतोच. रंगभूमीवरचा नट असल्या सिनेमाकडं फिरकत नाही. आणि अपवाद एकच, हॉलिवूडचा नट हीथ लेजर: 'द डार्क नाइट' या बॅटमॅनच्या सिनेमातल्या जोकर या खलनायकासाठी महिनाभर कोंडून घेतलं, वेडा झाला, डायरीत 'बाय बाय' लिहून जीव दिला. खाली ठळक अक्षरात, 'याला म्हणतात अभिनय!'

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण त्यापायी आमचं लेकरू तीन रात्री जागं आहे.

लेजर 22 जानेवारी 2008 ला न्यूयॉर्कमध्ये गेला. 6 फेब्रुवारीला तिथल्या वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्यांच्या कार्यालयानं कारण जाहीर केलं: ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, डायझेपाम, टेमाझेपाम, अल्प्राझोलाम आणि डॉक्सिलामाइन या सहा औषधांचा एकत्रित परिणाम. वेदनाशामकं, चिंतेवरच्या आणि झोपेच्या गोळ्या. मृत्यूचा प्रकार लिहिलाय 'अपघाती'. आत्महत्या नाही, वेड नाही, जोकर तर नाहीच नाही. या गोळ्या एकमेकींवर पडल्या की श्वास मंदावत जातो आणि झोपेतच थांबतो, यात कसली आलीय कला? 'द डार्क नाइट'चं चित्रीकरण तर नोव्हेंबर 2007 लाच संपलं होतं. गेला तेव्हा तो टेरी गिलियम या दिग्दर्शकाच्या दुसऱ्याच सिनेमात काम करत होता.

एक गोष्ट मान्य करावी लागते. लंडनच्या हॉटेलात महिनाभर कोंडून घेऊन त्यानं आवाज शोधला, डायरी ठेवली, हे त्यानं स्वतःच सांगितलंय. झोप येत नसल्याचंही मुलाखतीत बोलला होता. पण न झोपणं ही त्याची तयारी नव्हती, तो त्याचा त्रास होता. डायरी म्हणजे नटाची वही: पत्त्यांतले जोकर, तरसांची चित्रं, संवाद. ती वही कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवली ती त्याच्या वडिलांनी. आणि बहिणीनं 2017 मध्ये स्पष्ट सांगितलं की ही भूमिका करताना तो मजेत होता. घरच्यांचं ऐकायचं, की ज्यानं एक बटण दाबून मजकूर पुढं ढकलला त्याचं?

बाकीचे मुद्दे. चाहत्यांचं म्हणाल तर 1988 मध्ये मायकेल कीटनला बॅटमॅन केलं म्हणून वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओकडं पन्नास हजारांच्या आसपास निषेधाची पत्रं गेली. सिनेमा पुढच्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त चालला. आणि 2006 मध्ये चाहत्यांनी कुणाच्या नावानं बोंब मारली होती? जोकरसाठी निवडलेल्या याच हीथ लेजरच्या. ज्याला तुम्ही देव केलाय, तुमच्याच नियमानं त्याला घ्यायलाच नको होतं.

अभिनय लागत नाही म्हणणाऱ्यांनी 1978 चा 'सुपरमॅन' काढून नायिका लॉइसच्या घरातला प्रसंग बघावा. ती आत गेलीय. क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, एकटा उभा. चष्मा काढतो, खांदे मागं जातात, पाठ सरळ होते, मान उंच होते, आवाज खाली उतरतो. माणूस चार बोटं उंच झाल्यासारखा वाटतो. तिला खरं सांगायचा धीर होत नाही, चष्मा पुन्हा नाकावर येतो आणि तोच माणूस परत पोक काढून उभा. कॉम्प्युटर नाही, तार नाही, ख्रिस्तोफर रीव्हची फक्त पाठ. आपल्याकडं 'मिस्टर इंडिया'त श्रीदेवी तर एका गाण्यात न दिसणाऱ्या माणसाबरोबर नाचली. समोर कुणी नसताना त्याचा स्पर्श अंगावर दाखवणं हा अभिनय नसेल तर मग अभिनय म्हणतात कशाला?

हां, शेवटची वीस मिनिटं नुसती मोडतोड असलेले सिनेमे ढिगानं आहेत, त्यात नट हरवतो. तेवढं खरं.

रंगभूमीचं तर बोलूच नका. 'एक्स-मेन' या सुपरहिरोंच्या सिनेमांतले इयन मॅकेलन आणि पॅट्रिक स्टुअर्ट दोघंही शेक्सपिअर करून आलेले. पण मला नाव घ्यायचंय गुरू सोमसुंदरमचं. चेन्नईच्या कूत्तुप्पट्टरै या नाट्यसंस्थेत तयार झालेला नट. 'मिन्नल मुरली' या 2021 च्या मल्याळम सिनेमात चहाच्या हॉटेलातला शिबू, ज्याला गाव हिडीसफिडीस करतं. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती उषा त्याला होकार देते तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. हसू फुटतं, ते मधेच रडू होतं, परत हसू. तो खलनायक आहे हे त्या वेळी लक्षातही राहत नाही. आणि आपल्याकडं दहा जणांना विचारलं तर एकालाही त्याचं नाव सांगता येत नाही, याचा मला खरंच राग येतो.

भाच्याला काल हाच प्रसंग पाठवला. "मामा, तीनदा बघितला," म्हणाला. म्हटलं, चौथ्यांदा उद्या बघ, आता दिवा बंद कर. सकाळी नऊला त्याच्या रूम पार्टनरला फोन केला, तर साहेब घोरत होते.

तो मजकूर आमच्या ज्या ज्या ग्रुपवर आला, तिथं तिथं हे टाकतोय. ज्यांनी तो पुढं पाठवला, त्यांनी निदान त्या सहा औषधांचं वाक्य तरी तितक्याच जणांना पाठवावं.